वायसर, नीळ आणि अस्मादिक

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, हा लेख संडासाबद्दल आहे. ज्यांना ताटावर बसून मासिक चाळायची सवय आहे त्यांनी मेसमधून हात धुऊन आल्यावर वाचावा. मेसमधली भाजी बघून ज्यांची भूक आधीच गेली असेल त्यांनी खुशाल आत्ताच वाचावा.

संपादक मंडळानं "मराठी विभागासाठी एखादा अनुभव लिही" म्हणून गळ घातली तेव्हा मी बराच विचार केला. पहिलं प्रेम, पहिला ट्रेक आणि पहिली के.टी. हे तिन्ही विषय आमच्याच विंगमधल्या तिघांनी आधीच बुक करून टाकले होते. राहता राहिला माझ्या आयुष्यातला एकमेव थरारक प्रसंग. तो गेल्या वर्षी मे महिन्यात, वाशीमला, आमच्या घरातल्या चार फूट बाय पाच फुटांच्या खोलीत घडला. हो, त्याच खोलीत.

सहाव्या सेमचा शेवटचा पेपर टाकून मी घरी पोचलो तो दुपारी दीडला. पारा ४२ च्या वर. पाठीवर सॅक, डोक्यात 'आता दीड महिना नुसतं लोळायचं' असा साधा, सात्त्विक विचार. हातपाय धुवायला म्हणून मागे गेलो तर कमोडशेजारी एक भरलेली बादली आणि मग. टाकीचं बटण दाबलं तर कोरडं खट्‌ असा आवाज. खाली वाकून बघितलं तर भिंतीतला अँगल कॉक कुणीतरी गच्च बंद केलेला.

"गळते ते," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "चार दिवस झाले. प्लंबर उद्या येतो म्हणाला आहे."

हे 'उद्या' चार दिवसांपासून चालू होतं. लग्नसराई, त्यात नव्या प्लॉटिंगवर घरांची कामं निघालेली. एका घरच्या एका गळत्या टाकीसाठी कोण कशाला येतंय? त्याचंही खरंच आहे.

वाशीमकडच्या वाचकांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी धरून ठेवायला जागा कमी. शहराची भिस्त एकबुर्जी धरणावर. उन्हाळा चढत गेला की नळाचे दिवस लांबत जातात. त्या महिन्यात आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येत होता. नळ आला की घरातली हंडा, कळशी, बादली, पातेलं, एवढंच काय पण माझा जुना वॉटरबॅगचा डबासुद्धा रांगेत. गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी आणि अंगणात दोन ड्रम. मध्ये कमी पडलं तर शेजारच्या बोअरचं पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा घरात टाकी गळणं म्हणजे चेष्टेचा विषय नव्हे. म्हणून आईनं कॉक बंद करून बादली ठेवली. माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथंच मिटला होता. हॉस्टेलवर तीन वर्षं काढलेल्या माणसाला बादली आणि मग याहून जास्त सोय लागते कुठं?

रात्री जेवायला बसलो. आजी ताक घेईना. पाण्याचा तांब्याही तिनं हातानं बाजूला सारला.

"काहून आजी? एवढ्या उन्हाचं?"

"मले तहान नाई लागत बाबू रातच्याले."

ती उठून गेल्यावर आईनं हळू आवाजात सांगितलं. कॉक बंद केल्यापासून आजी संध्याकाळी सहानंतर पाण्याचा थेंब घेत नव्हती. तिचे गुडघे गेलेत, वय ७८. तिच्यासाठीच सहा वर्षांपूर्वी जुनं भांडं काढून कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडा लावला. रात्री दोनदा तरी उठावं लागतं तिला. बटण दाबणं तिला जमतं, भरलेली बादली उचलणं जमत नाही. आणि रात्री दोन वाजता कुणाला हाक मारून उठवायचं तिला आवडत नाही. म्हणून मग पाणीच प्यायचं नाही. हिशेब एकदम चोख!

आईनं तिला दोनदा समजावलं होतं. "मला उठवा ना," म्हणाली होती. आजी "हो" म्हणाली आणि पाणी प्यायली नाही.

ही तिची जुनी विद्या आहे हे मला नंतर कळलं. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून चाळीस-एक वर्षं ती परसाकडंच गेली. (हा तिचा शब्द. घरात संडास आला तरी ती अजून "परसाकडं जाऊन येतो" असंच म्हणते. बाबा 'शौचालय' म्हणतात, आई 'बाथरूम' म्हणते, माझी बहीण 'वॉशरूम' म्हणते आणि खोली एकच.) पहाटे अंधारात किंवा मग रात्री अंधार पडल्यावर, चार बायका मिळून. मधल्या वेळेत जायची वेळ येऊ नये म्हणून बायका दिवसा पाणी तोलून पीत. पोटात कळा आल्या तरी दिवस मावळायची वाट बघत. हे सगळं आजीनं सोसलं, आणि आता घरात टाइल्स लावलेला कमोड असताना तिच्यावर पुन्हा तेच करायची पाळी आली होती. कशामुळे, तर कुठला तरी रबराचा तुकडा नीट बसत नव्हता म्हणून.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बर्नूलीचं समीकरण डेरिव्हेशनसकट लिहून पंधरा मार्क घेतलेत. पण टाकीचं झाकण आयुष्यात कधी उघडून बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "उद्या मी बघतो."

बाबांना ते पटलं नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. "येईल ना तो उद्या. आपण कायले हात घालाचा त्या घाणीत?"

आजी आतल्या खोलीत होती, पण तिचे कान अजून शाबूत आहेत. तिथूनच आवाज आला. "सायखेड्याच्या त्या बाईनं मंगयसूत्र इकून संडास बांधला. अन् तुमच्यानं एक वायसर नाई बदलत?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही ऐकीव कथा नाही. आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या सायखेडा गावच्या संगीता आव्हाळे यांनी मंगळसूत्र आणि दागिने विकून घरी शौचालय बांधलं. २०१५ साली तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कार करून त्यांना नवं मंगळसूत्र दिलं. पेपरात फोटो आला होता. आजीला वाचता येत नाही, पण तो फोटो तिनं बराच वेळ बघितला होता म्हणे. बाबा पुढं काही बोलले नाहीत.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मादिक टूथब्रश तोंडात धरून कामाला लागले. हत्यारं : एक पेचकस, बाबांच्या जुन्या स्कूटरचा पान्हा आणि मोबाईल. मोबाईलवर व्हिडिओ बघितले तर सगळे गोरे लोक. त्यांच्या टाकीत साखळी, साखळीला लटकलेलं रबरी झाकण. आमच्या टाकीत साखळी नाही. त्यांचं सगळं चकाचक आणि पांढरं, आमच्यात भिंतींना चुन्यासारखा थर. मोबाईल खिशात ठेवला.

झाकण उचललं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की आत घाण नसते! आत तेच पाणी असतं जे गच्चीवरून बेसिनच्या नळाला येतं. बाबांना हाक मारून दाखवलं. त्यांनी दारातूनच मान डोलावली, आत आले नाहीत. 

या टाकीत दोनच नोकर कामाला असतात. एक पाणी आत घेतो, दुसरा बाहेर सोडतो. आत घेणारा म्हणजे बॉल कॉक. पोकळ प्लास्टिकचा चेंडू पाण्याबरोबर वर चढतो, त्याची दांडी वर गेली की नळाचं तोंड दाबून बंद होतं. आर्किमिडीज, बाकी काही नाही. बाहेर सोडणारा म्हणजे मधला उभा नळकांड्यासारखा व्हॉल्व्ह. त्याच्या बुडाशी रबराची चकती, तिलाच आमच्याकडे वायसर म्हणतात. बटण दाबलं की चकती उचलते, धाडकन पाणी खाली जातं, मग चकती पुन्हा आपल्या जागी बसते. आणि समजा बॉल कॉक बिघडून पाणी वाढतच गेलं, तर ते बाहेर सांडू नये म्हणून त्याच नळकांड्याच्या वरच्या तोंडातून गुपचूप कमोडमध्ये उतरतं. म्हणजे गळतीचे संशयित दोन आणि दोघांचं पाणी जातं एकाच वाटेनं.

मी अर्थातच चुकीचा संशयित पकडला. बॉल कॉक दिसतो ठळक, हलतो, त्याला स्क्रू आहे. स्क्रू फिरवून चेंडू थोडा खाली आणला, पाणी एक इंच खाली थांबायला लागलं. आवाज बंद. मी चहा मागवला. आईला सांगितलं, प्लंबरला फोन करून 'येऊ नको' म्हण. (त्याला हे सांगायची काहीच गरज नव्हती म्हणा.)

त्या रात्री आजी पाणी प्यायली की नाही ते मी बघितलंच नाही. मी घोरत होतो. रात्री दीड-दोनला तिच्या काठीचा आवाज आला, मग माझ्या पलंगाशी.

"बाबू, ते टाकी अजून उसासे टाकते रे."

दोघं जाऊन अंधारात बसलो. ती दांड्याला धरून स्टुलावर, मी उंबऱ्यावर. मला काहीच ऐकू येईना. "थांब," ती म्हणाली. बराच वेळ गेला. आणि मग खरंच, एक बारीकसा 'सूंऽऽ' असा आवाज, पाच-सात सेकंद, आणि बंद. जवळजवळ पाऊण तासात तो दोनदा आला. तीन वर्षं हॉस्टेलवर मी अशाच आवाजात झोपत आलो आहे, पण तो कशाचा हे कधी मनातही आलं नव्हतं. पाणी खालून गुपचूप झिरपत होतं. पातळी जराशी उतरली की चेंडू उतरे, नळ उघडे, टाकी उसासा टाके. म्हणजे बॉल कॉक बिचारा निर्दोष होता, उलट दुसऱ्याची भरपाई तोच करत होता. "हे मी कवाचीच सांगून राह्यली," असं म्हणून आजी झोपायला गेली.

सकाळी पुरावा गोळा करायचं ठरवलं. आजी अजून बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यांना नीळ घालते. त्या बाटलीतलं अर्धं झाकण टाकीत ओतलं. बटण दाबायचं नाही, घरात सगळ्यांना ताकीद. कॉक बंद केला, पाण्याच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारली आणि वाट बघत बसलो.

वाट बघता बघता मोबाईलवर थोडं वाचन झालं ते इथं सांगून टाकतो, कारण व्हायव्हाला कुणी विचारणार नाही. फ्लशच्या संडासावर पहिलं पुस्तक लिहिलं ते सर जॉन हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज दरबारी कवीनं, १५९६ साली. कमोडखालचा जो वाकडा पाइप असतो, ज्यात पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही, त्या रचनेचं पेटंट १७७५ सालचं, अलेक्झांडर कमिंग याचं. तो घड्याळजी होता. मग १७७८ साली त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं जोसेफ ब्रामा यानं. तो लाकडी फर्निचर बनवणारा कारागीर. आणि हा ब्रामा तोच बरं का, ज्याचा हायड्रॉलिक प्रेस आपण हायड्रॉलिक्समध्ये आकृतीसकट पाठ करतो! कवी, घड्याळजी, सुतार. मला एकदम बरं वाटलं. या खात्यात पहिल्यापासून आमच्यासारख्यांचीच भरती दिसते.

अर्ध्या तासानं आत डोकावलो तर कमोडच्या पांढऱ्या भिंतीवरून एक निळी रेघ उतरत होती. बारीक, रिफिलनं ओढल्यासारखी. बहिणीनं फोटो काढला. आजीला बोलावलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी?"

एवढीशीच. पण पेन्सिलची रेघ तासाभरात चार सेंटिमीटर वर राहिली होती, म्हणजे पाणी तेवढं खाली गेलं होतं. टाकी आतून मोजली, साधारण ३५ बाय १५ सेंटिमीटर. गुणाकार तुम्हीच करा. तासाला दोन लिटरच्या थोडं वर, म्हणजे दिवसाला पन्नास लिटर. पाच दिवसांच्या नळाच्या फेऱ्यात अडीचशे. गच्चीवरची अर्धी टाकी! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी धरलेलं पाणी आहे दर दिवशी ५५ लिटर. म्हणजे त्या निळ्या रेघेतून जवळजवळ एका अख्ख्या माणसाचं पाणी आमच्या घरातून रोज निघून जात होतं. हा हिशेब मी वहीवर करून बाबांना दाखवला. ते पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. मास्तर माणूस, आकडे दिसले की विरघळतो. खाली वाकून त्यांनी ती निळी रेघ बघितली आणि म्हणाले, "दोन बाय पंधरवडा कर बरं." म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, पण ते बाह्या सरसावत होते.

व्हॉल्व्ह वळवला की सुटतो, हे दोघांनी मिळून शोधून काढलं. वायसर हातात आला. बिस्किटासारखा कडक झालेला आणि एका बाजूला दाताच्या कडेसारखा खरबरीत. ज्या गोल कडेवर तो बसतो तिथंही बोअरच्या पाण्याचे क्षार धरलेले. पेचकसानं खरडणार तेवढ्यात आजी ओरडली, "ओरखडे पडतीन! लिंबू लाव." रिकाम्या टाकीत लिंबू पिळलं, तर बारीक फेस यायला लागला. कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल, अकरावीचं प्रॅक्टिकल, पण मार्क न देता आठवलेलं हे पहिलंच. लिंबाच्या सालीनं घासून घासून कडा काचेसारखी गुळगुळीत झाली.

नवा वायसर सुटा मिळेना. दुकानदार म्हणे अख्खा सेट घ्या, आणि त्या कंपनीचा सेट त्याच्याकडं नव्हता. शेवटी पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा आणला. त्यानं पैसे घेतले नाहीत. जुना वायसर वर ठेवून पेन्सिलनं आखला, बहिणीच्या क्राफ्टच्या कात्रीनं कापला. तिसरा तुकडा बरा जमला.

हे सगळं चालू असताना दारात एक नात्यातल्या काकू येऊन बसल्या होत्या, लग्नाची पत्रिका घेऊन. त्यांनी आईला विचारलं, "इंजिनिअरिंगले टाकलं म्हणत होत्या न तुम्ही पोराले?" आईनं फक्त चहा पुढे केला. हसण्यावारी गेलं ते, पण मला नंतर बराच वेळ ते डोक्यात राहिलं. आम्ही स्वच्छ पाण्याच्या टाकीत हात घालत होतो तर ही अवस्था. याच देशात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण डोक्यावरून वाहिली, आणि ते थांबवायला आधी १९९३ साली आणि मग पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. आणि आपल्या मार्कशीटवर ज्या विद्यापीठाचं नाव छापून येतं ते ज्यांच्या नावानं आहे, ते गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. आजीच्या माहेरी कुणाला तरी हे काम करावं लागायचं. ती त्यांच्याबद्दल एवढंच म्हणते, "त्याइले कोनी पानी पन वरून वाढत." असो.

इथंच थांबलो असतो तर लेखही इथंच संपला असता. पण व्हॉल्व्ह बसवून झाला, निळं पाणी थांबलं, आणि अस्मादिकांच्या अंगात आलं. भिंतीतून अँगल कॉक जिथं बाहेर येतो तिथं थोडी ओल दिसली. म्हटलं, जाता जाता हेही आवळून टाकू. स्कूटरचा पान्हा लावला, एक आटा दिला. अजून ओल होती. दुसरा दिला. बाबा म्हणाले, "बस्स." मी म्हणालो, "थोडंसंच," आणि तिसरा दिला.

कट्‌.

प्लास्टिकचा कॉक माझ्या हातात, त्याचे आटे भिंतीत, आणि मधून पाण्याची सरळ धार माझ्या छातीवर! बाबा गच्चीवर धावले. तिथला गेट व्हॉल्व्ह बहुधा घर बांधलं त्या दिवशी शेवटचा फिरला असावा, तो जाम. मी भिंतीच्या भोकावर अंगठा दाबून बसलो. आता हिशेब असा : गच्चीवरची टाकी चार मीटर उंच, भोक अर्ध्या इंचाचं, म्हणजे अंगठ्यावर जोर येतो जेमतेम अर्धा किलो. अर्धा किलो साखरेची पुडी कुणीही धरेल. पण दहा मिनिटांनी ती पोतं होते आणि वीस मिनिटांनी अंगठा आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही.

आईचं डोकं शांत. तिनं घरातले बाकीचे सगळे नळ सोडले आणि हंडे लावले. "नाहीतरी जाणारच, निदान भांड्यात जाऊ दे." काकूही पत्रिका बाजूला ठेवून कळश्या भरायला लागल्या. पितळी घंगाळ, कुकर, परात, आजीचा तांब्या, सगळं भरलं. आजी काठी टेकत दाराशी आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सोडू नको बाप्पा."

बहिणीनं पलीकडच्या काकांना आणलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी मला बघितलं, हातातला पान्हा बघितला. "कायले एवढा जोर लावला बावा? कॉक काय पयून चालला होता?"

मग त्यांनी जे केलं ते आम्हा दोन शिकलेल्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. व्हॉल्व्हच्या नादी न लागता त्यांनी बहिणीला सांगितलं, टाकीचं झाकण उघड, जुन्या बनियनचा बोळा कर आणि काठीनं आतून पाइपच्या तोंडात कोंब. दोन मिनिटांत माझ्या अंगठ्याखालचा जोर गेला. वरून बहीण ओरडली, "झालं काऽऽ?" मी भिंतीला टेकून खाली बसलो.

पुढचं काम त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. हॅक्सॉच्या पात्यानं भिंतीत अडकलेल्या आट्यांना आतून खाच पाडायची आणि पेचकसानं ते हळूहळू उलटे फिरवून काढायचे. पितळी अँगल कॉक आणि टेफ्लॉन टेप आणली, साडेतीनशे रुपये गेले. टेप कुठल्या बाजूनं गुंडाळायची हे मला विचारलं, मी अर्थातच उलटी गुंडाळली. "नट ज्या बाजूनं फिरते त्याच बाजूनं टेप, नाई तं उलगडून येते." आणि आवळायचं कसं? "हातानं घट्ट, अन् मंग पान्यानं पाव आटा. बस. पान्हा लांब असला का माणसाले आपली ताकद समजत नाई." टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, हे मी पहिल्या वर्षी लिहून आलो होतो.

चहा पिताना काका जुन्या टाक्यांबद्दल बोलत बसले. रेल्वे क्वार्टरमध्ये, डाकबंगल्यात उंचावर लोखंडी टाकी असायची, साखळी ओढायची. "त्या रातभर गयत नव्हत्या, काऊन सांग." मला सांगता आलं नाही. त्यांच्या तळाला वायसर नसायचाच! पाणी बाहेर पडायचं ते सायफननं. साखळी ओढली की पाणी नळीच्या वाकड्या माथ्यावरून उडी मारायचं आणि मग मागचं सगळं ओढून न्यायचं. बाकी वेळी माथा उंच, पाणी खाली, गळायला वाटच नाही. इंग्लंडमध्ये या टाकीला 'पाणी वाया जाऊ न देणारी' अशाच अर्थाचं नाव होतं आणि तिथं २००१ सालापर्यंत घरांत सायफनच लावायचा असा नियम होता, हे मी नंतर वाचलं. काकांना वाचावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा नीळ, पुन्हा पेन्सिलची रेघ. कमोड पांढराशुभ्र. तासाभरानं रेघ आणि पाणी जिथल्या तिथं.

रात्री जेवताना मी काही बोललो नाही, नुसता माठातला तांब्या भरून आजीच्या ताटाशी ठेवला. तिनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे. तो अजून सुरकुतलेला होता. मग तोंड न लावता, वरून, घटाघटा अर्धा तांब्या प्यायली. थोडं थांबून उरलेलाही.

दोनच्या सुमारास काठीचा आवाज आला. दार, बटण, धाडकन पाणी, टाकी भरण्याचा आवाज. मग तो थांबला. मी अंथरुणात पडून पुढच्या उशाशाची वाट बघत होतो. तो आला नाही, आणि मला झोप कधी लागली कळलं नाही.

ट्रॅक्टरच्या ट्यूबनं दिवाळी काढली. काका म्हणाले होते सहा महिने, बरोबर तेवढीच टिकली. मग सेट मिळाला, तो बाबांनी स्वतः बसवला आणि मला फोन करून सांगितलं, "पाव आटाच दिला."

आता थोडं कामाचं. आपल्या हॉस्टेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या दाराआड रात्री कान देऊन उभे राहा. उसासा ऐकू येतो. रेक्टर सरांच्या कानावर घातलंय, ते म्हणाले, "अर्ज लिहून द्या." अर्ज लिहिलाय. नीळ माझ्याकडे आहे, ट्यूबचा उरलेला तुकडाही आहे, लिंबू मेसमधून मिळेल. शनिवारी रात्री जेवणानंतर बसू. पान्हा मात्र ज्यानं त्यानं आणावा, आणि शक्यतो आखूड.